वन्यजीवांची गणना आणि स्वयंसेवकांच्या नोंदी

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात हेग्गडदेवनकोटे नावाचा तालुका आहे. नाव लांबलचक असल्यामुळे बोलण्यात आणि लिहिण्यात ते एच. डी. कोटे असे आखडून घेतले जाते. केरळातील वायनाडच्या डोंगराळ मुलखात उगम पावलेली कबिनी नदी या तालुक्यातून वाहते. कबिनी, नुगू, तारका आणि हेब्बळ्ळ असे चार जलाशय या परिसरात आहेत. कबिनीच्या उत्तरेस नागरहोळेचे आणि दक्षिणेस बंडीपूरचे अरण्य पसरलेले आहे. नागरहोळेला १९५५ साली अभयारण्याचा आणि १९८८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४३ चौरस किलोमीटर आहे. म्हैसूर संस्थानाच्या काळी ज्या काकनकोटेच्या रानात हत्ती पकडण्याचे खेड्डे होत, ते रानही याच परिसरातले. तेथील शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९७४ च्या सुमारास, कबिनीवरील धरण पुरे होऊन त्या रानाचा काही भाग पाण्याखाली गेला.

उन्हाळ्यात या जलाशयाचे पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळे गवत उगवते आणि आसपासच्या अरण्यांतील हत्तींचे कळप काठावर जमू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळच्या वेळी तेथे शेकडो हत्ती दृष्टीस पडू शकतात. आशियाई हत्तींचा एवढा मोठा मेळावा जगात फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळतो. हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की येथे हत्ती आहेत तरी किती? आणि गंमत अशी, की एकाच काठावर उभ्या असलेल्या तीन माणसांना हा प्रश्न विचारला तर तीन निरनिराळी उत्तरे मिळतात.

या साध्या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर मिळविणे का कठीण आहे, आणि ज्यांनी प्राणिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही अशा स्वयंसेवकांच्या मदतीने ते कसे मिळविता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गणना कशासाठी?

अरण्यातील प्राण्यांची संख्या जाणून घेण्याची आवश्यकता केवळ कुतूहलापोटी निर्माण होत नाही. संरक्षणावर खर्च होणारा पैसा कारणी लागतो आहे किंवा नाही, चोरट्या शिकारीमुळे एखाद्या भागातील चितळ-सांबर घटत आहेत काय, वाघाला पुरेसे भक्ष्य उरले आहे काय, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांवाचून देता येत नाहीत. रानाच्या कडेला शेती करणाऱ्या माणसाचाही या आकड्यांशी निकटचा संबंध आहे. हत्ती खरोखरच वाढले आहेत, की तेच हत्ती आता अधिक वेळा शेतात उतरतात, यावर करावयाचे उपाय अवलंबून असतात. रोगाचे निदानच चुकले तर उपचारही चुकावयाचा.

परंतु हे काम अवाढव्य आहे. शेकडो चौरस किलोमीटरचे रान पायांखाली घालावयाचे तर मूठभर शास्त्रज्ञ पुरे पडत नाहीत. वनरक्षकांना गस्त, वणवे आणि न्यायालयाची कामे यांतून सवड सापडणे कठीण. अशा वेळी शिक्षक, बँकेतील कर्मचारी, विद्यार्थी, शेतकरी, अभियंते असे रानाची आवड असलेले नागरिक मदतीला येतात. ही प्रथा नवी नाही. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून सत्तावीस हौशी निरीक्षकांनी पंचवीस ठिकाणी पक्षी मोजले. बंदुकीने पक्षी टिपण्याऐवजी ते मोजावेत, ही त्यामागची कल्पना. ती मोजणी आजही दरवर्षी होते. अशा निरीक्षकांना हल्ली ‘नागरिक-वैज्ञानिक’ असे म्हटले जाते.

त्यांच्याविषयी नेहमी एक शंका घेतली जाते. ज्याला भेकर आणि चौशिंगा यांतील फरक कालपरवाच कळला, त्याच्या नोंदीवर विश्वास कसा ठेवावा? ही शंका अस्थानी नाही. पण तिचे उत्तर शोधताना असे दिसून येते, की नोंदींची विश्वसनीयता निरीक्षकाच्या पदवीपेक्षा पाहणीच्या आखणीवर अधिक अवलंबून असते. हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी जुन्या गणना कोठे चुकल्या ते पाहणे उपयुक्त ठरेल.

जुन्या पद्धती आणि त्यांतील उणिवा

महाराष्ट्रातील वाचकांना बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर होणारी प्राणीगणना परिचित असेल. ताडोबा, मेळघाट यांसारख्या अरण्यांत स्वयंसेवक पाणवठ्याशेजारच्या मचाणावर रात्रभर बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणारे प्राणी टिपून घेतात. सर्व मचाणांवरील आकड्यांची बेरीज म्हणजे त्या रानातील प्राण्यांची संख्या, असा समज पूर्वी रूढ होता. परंतु एकच अस्वल रात्रीतून दोन पाणवठ्यांवर गेले तर ते दोनदा मोजले जाते. जे सांबर त्या रात्री पाण्यावर आलेच नाही, ते मोजणीतून सुटते. आदल्या आठवड्यात वळवाचा पाऊस पडून ठिकठिकाणी डबकी साचली, तर प्राणी पाणवठ्याकडे फिरकत नाहीत आणि त्या वर्षी रान ओस पडल्याचा भास होतो. म्हणजे हा आकडा प्राण्यांइतकाच पावसावरही अवलंबून राहतो. अलीकडे अनेक ठिकाणी या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ असे नाव देण्यात आले आहे, आणि ते अधिक यथार्थ आहे. त्या रात्री माणसाला रानाची जी ओळख होते तिचे मोल मोठे आहे; मात्र तिला गणना म्हणता येत नाही.

वाघांच्या बाबतीत पंजाच्या ठशांवरून मोजणी करण्याची पद्धत ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ साली प्रचारात आणली. १९७२ सालच्या देशव्यापी गणनेत भारतात १,८२७ वाघ असल्याचे जाहीर झाले. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा असतो आणि अनुभवी माणूस तो ओळखू शकतो, या गृहीतावर ही पद्धत उभी होती. प्रत्यक्षात ओल्या मातीत, धुळीत आणि वाळूत एकाच वाघाचा ठसा निरनिराळा उमटतो. शिवाय सगळ्या वाघांचे ठसे कधीच सापडत नाहीत आणि किती सापडले नाहीत हे सांगण्याचा मार्ग या पद्धतीत नव्हता. तिच्यातील हे दोष दाखविणारी टीका के. उल्हास कारंत यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. तथापि ती पद्धत पुढेही बरीच वर्षे चालू राहिली.

त्याचा परिणाम राजस्थानातील सरिस्का येथे दिसून आला. २००४ सालच्या गणनेत तेथे सोळा ते अठरा वाघ दाखविण्यात आले होते. २००५ साली शोध घेतला तेव्हा तेथे एकही वाघ उरलेला नव्हता. शिकाऱ्यांनी ते संपविले होते आणि कागदावर मात्र ते जिवंत होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ही गणना हौशी स्वयंसेवकांनी केलेली नव्हती. ती प्रशिक्षित सरकारी यंत्रणेने केली होती. उणीव होती ती पद्धतीत. चुकीची मोजणी चुकीची आहे हे उघडकीला आणील अशी कोणतीही तपासणी त्या पद्धतीच्या पोटात नव्हती.

चुकीचे दोन प्रकार

मोजणीतील चुका स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारची चूक कधी इकडे तर कधी तिकडे झुकते. एका निरीक्षकाने बारा चितळांचा कळप अकराचा लिहिला, दुसऱ्याने तेरांचा लिहिला. पुष्कळ नोंदी गोळा झाल्या की अशा चुका परस्परांना पुष्कळ अंशी खोडून काढतात. निरीक्षकांची संख्या वाढविली की ही चूक कमी होते, आणि स्वयंसेवकांचे खरे बळ येथेच आहे.

दुसऱ्या प्रकारची चूक सतत एकाच दिशेला झुकते. तिला संख्याशास्त्रात अभिनती म्हणतात. वजनाच्या काट्याची एक पारडी मुळातच जड असेल, तर शंभर वेळा वजन करूनही खरे वजन कळत नाही. सगळे स्वयंसेवक मोटारीच्या रस्त्याकडेनेच हिंडले, तर रस्त्याला सरावलेल्या किंवा रस्त्याला बुजणाऱ्या प्राण्यांचेच प्रमाण काय ते कळेल. हजार स्वयंसेवक वाढविले तरी ही चूक तिळभर कमी होत नाही. उलट आकडे पुष्कळ जमल्यामुळे तिच्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

प्राणीगणनेतील सर्वांत मोठी अभिनती म्हणजे न दिसलेले प्राणी. रानात जेवढे प्राणी असतात तेवढे कधीच दिसत नाहीत. उघड्या गवताळ हाडळूत, म्हणजे रानातील पाणथळ खोलगट भागात, दहांपैकी नऊ दिसतील. टणटणीच्या दाट जाळीत दहांपैकी दोनच दिसतील. बंडीपूर-नागरहोळेच्या रानात टणटणी पसरली आहे. ती वाढत गेली तर चितळांची संख्या तेवढीच राहूनही दिसणारी चितळे कमी होतील, आणि केवळ दिसलेल्यांची बेरीज करणारा माणूस चितळे घटली असा निष्कर्ष काढील. तेव्हा खरा प्रश्न ‘किती दिसले?’ हा नसून ‘जेवढे होते त्यांपैकी किती हिस्सा दिसला?’ हा आहे.

नागरहोळेतील रेषा-पाहणी

या प्रश्नाचे एक सुबोध उत्तर नागरहोळेच्या रानात अमलात आणले गेले. कारंत हे मूळचे यंत्र-अभियंते. पुढे त्यांनी शेती केली आणि रानाच्या ओढीने ते वन्यजीवशास्त्राकडे वळले. १९८६ च्या सुमारास त्यांनी नागरहोळेत तृणभक्षक प्राण्यांच्या पाहणीसाठी सरळ रेषांची पद्धत वापरण्यास आरंभ केला. वनखात्यातील मंडळी या रेषांना ‘ट्रान्सेक्ट’ म्हणतात. पुढील काळात नागरहोळे, बंडीपूर आणि आसपासच्या अरण्यांत अशा पाहण्यांसाठी स्वयंसेवकांना शिकवून तयार करण्यात आले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांच्यासह कारंत यांनी संपादित केलेली वाघ आणि त्याचे भक्ष्य यांच्या गणनेची मार्गदर्शिका २००२ साली बंगळूर येथून प्रसिद्ध झाली.

ही पद्धत अशी. रानातून ठरावीक लांबीच्या सरळ पायवाटा आखल्या जातात. त्या कोठे आखावयाच्या हे प्राणी कोठे अधिक दिसतात यावरून ठरवीत नाहीत. साऱ्या रानाचे प्रतिनिधित्व होईल अशा रीतीने त्या टाकल्या जातात. सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर दोन निरीक्षक त्या वाटेने सावकाश, न बोलता चालतात. प्राणी दिसताच जागीच थांबून चार गोष्टी नोंदवितात: प्राण्याची जात, कळपातील संख्या, कळपाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि होकायंत्राने घेतलेली दिशा. अंतर आणि कोन कळले की वाटेपासून प्राणी आडवा किती दूर होता, म्हणजेच त्याचे लंबांतर, त्रिकोणमितीच्या साध्या सूत्राने काढता येते.

आता वाटेच्या अगदी लगत असलेला प्राणी सहसा नजरेतून सुटत नाही. वाटेपासून दूर जावे तसतसे दिसण्याचे प्रमाण घटत जाते. शेकडो नोंदी जमल्या की कोणत्या अंतरावर किती कळप दिसले याचा आलेख काढता येतो, आणि तो ज्या रीतीने उतरत जातो त्यावरून दूरचे किती कळप सुटले याचा हिशेब मांडता येतो. दाट जाळी असेल तर आलेख झटकन उतरेल. मोकळे रान असेल तर सावकाश उतरेल. अशा रीतीने न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज दिसलेल्यांच्या अंतरांतूनच निघतो. या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा गुण होय.

उदाहरणादाखल काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा, स्वयंसेवक सर्व रेषा मिळून दोनशे किलोमीटर चालले आणि त्यांना चितळांचे ऐंशी कळप दिसले. आलेखावरून असे निघाले, की वाटेच्या प्रत्येक बाजूस सरासरी पन्नास मीटरपर्यंतचा पट्टा परिणामकारकपणे पाहिला गेला. म्हणजे पट्ट्याची एकूण रुंदी शंभर मीटर आणि पाहिलेले क्षेत्र वीस चौरस किलोमीटर. ऐंशी कळपांना वीसने भागले की चौरस किलोमीटरला चार कळप येतात. कळपात सरासरी सहा चितळे असतील तर घनता चोवीस. आता समजा, सगळ्या स्वयंसेवकांना अंतरे वीस टक्क्यांनी कमी लिहिण्याची खोड आहे. मग पट्टा चाळीस मीटरचा ठरतो, क्षेत्र सोळा चौरस किलोमीटर होते, कळप पाच होतात आणि घनता तीसवर जाते. एकही चितळ न वाढता संख्या पंचवीस टक्क्यांनी फुगली! कोणी लबाडी केली नाही, कोणी प्राणी ओळखण्यात चुकले नाही. केवळ डोळ्यांनी अंतर अजमावण्याची सवय आड आली.

प्रशिक्षणात काय शिकवावे?

वरील उदाहरणावरून प्रशिक्षणाचा भर कोठे असावा हे ध्यानात येईल. नवशिक्याला वाटते की प्राणी ओळखता आले म्हणजे झाले. प्राणी ओळखणे आवश्यक आहेच. भेकराचा रंग तांबूस आणि चौशिंग्याचा फिकट तपकिरी, चौशिंग्याच्या पायांवर पुढील बाजूस गडद पट्टा असतो; पळत्या जनावरात हे पाहण्यासाठी नजर तयार करावी लागते. सुळे नसलेला नर हत्ती, ज्याला मखना म्हणतात, तो अनेकांना हत्तीण वाटतो. त्याच्या कपाळाचा घाट आणि शरीराची ठेवण यांवरून त्याला ओळखावे लागते. जेथे खात्री नसेल तेथे ‘हरिणवर्गीय, जात अनिश्चित’ असे लिहिण्यास स्वयंसेवकाला मुक्तपणे सांगितले पाहिजे. अनिश्चित असे लिहिल्याबद्दल ज्याला कमीपणा येतो, तो पुढच्या वेळी अंदाजाने काहीतरी लिहून मोकळा होतो.

परंतु याहून अधिक वेळ अंतर, कोन आणि संख्या मोजण्याच्या सरावाला दिला पाहिजे. अंतर मोजण्यासाठी आता लेसर किरणांवर चालणारी हातातली उपकरणे मिळतात. तीही कळपापुढच्या झुडपावर रोखली गेली तर झुडपाचेच अंतर सांगतात. म्हणून रानात जाण्यापूर्वी मैदानात ठराविक अंतरांवर पुठ्ठ्याच्या आकृत्या उभ्या करून प्रत्येकाकडून मोजून घ्यावे आणि खऱ्या अंतराशी ताडून पाहावे. कोनातील चूकही क्षुल्लक मानू नये. साठ मीटरवरील प्राण्याचा कोन तीस अंशांचा असेल तर लंबांतर तीस मीटर येते. तोच चुकून चाळीस अंश लिहिला तर ते सुमारे एकोणचाळीस मीटर होते.

अंतर मोजावयाचे ते प्राणी जेथे प्रथम दिसला त्या जागेपर्यंत. माणसाची चाहूल लागून सांबर तीस मीटर मागे पळाले आणि मग अंतर घेतले, तर वाटेलगतचे प्राणी दूरचे म्हणून नोंदले जातात. वाटेवर पडलेला पाचोळा आणि आडवा आलेला बांबू पाहणीपूर्वी काही दिवस दूर करतात तो यासाठीच, की चालताना आवाज होऊ नये.

नवख्या निरीक्षकाविषयी आणखी एक अनुभव उद्बोधक आहे. उत्तर अमेरिकेत १९६६ पासून स्वयंसेवकांच्या मदतीने प्रजननकाळातील पक्ष्यांची पाहणी चालू आहे. प्रत्येक मार्गावर पन्नास थांबे आणि प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे, असा तिचा नियम आहे. तिच्या नोंदींच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले, की निरीक्षक आपल्या पहिल्या वर्षी पुढील वर्षांच्या मानाने कमी पक्षी टिपतो. हे ध्यानात न घेतल्यास जुने निरीक्षक जाऊन नवे येताना पक्षी घटल्याचा आणि नवे सरावताना पक्षी वाढल्याचा आभास निर्माण होईल. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत निरीक्षक कोण होता हे लिहिणे अगत्याचे ठरते. त्याचप्रमाणे एकच जोडी नेहमी एकाच रेषेवर पाठवू नये. जोड्या आळीपाळीने बदलल्या म्हणजे रानातील फरक कोणता आणि नजरेतील फरक कोणता, हे वेगळे काढता येते.

कोऱ्या पानाचे महत्त्व

स्वयंसेवकाला सर्वांत जड जाणारा धडा मात्र निराळाच आहे. पहाटे उठून, जळवा आणि हत्ती यांची भीती बाळगून, तीन-चार किलोमीटर चालूनही काही दिसले नाही, तर परतताना मन खट्टू होते. ‘आज काही नाही’ असे म्हणून नोंदपत्रक घडी घालून खिशात टाकले जाते. किंवा परतीच्या वाटेवर, पाहणी संपल्यानंतर, दिसलेला गव्यांचा कळप हळूच यादीत शिरतो. दोन्ही गोष्टी सद्भावनेने घडतात आणि दोन्ही हिशेबाला घातक आहेत.

काही न दिसता चाललेले तीन किलोमीटर हेही चाललेले किलोमीटर आहेत. वरील उदाहरणात दोनशे किलोमीटरांऐवजी, रिकाम्या फेऱ्या गाळल्यामुळे, दीडशेच नोंदले गेले असते तर घनता चोवीसऐवजी बत्तीस आली असती. कोरे पान जपून ठेवणारा स्वयंसेवक म्हणून अधिक भरवशाचा. त्यासाठी नोंदपत्रकाच्या शिरोभागी तारीख, रेषेचा क्रमांक, निरीक्षकांची नावे, आरंभ व शेवट यांची वेळ आणि चाललेले अंतर ही माहिती निघण्यापूर्वीच भरण्याची शिस्त असावी. म्हणजे खाली एकही ओळ भरली गेली नाही तरी ते पत्रक पूर्ण ठरते.

पक्षिनिरीक्षकांनी हाच धडा आपल्या पद्धतीने गिरविला आहे. दुर्मीळ पक्षी तेवढे लिहावयाचे आणि कावळे-साळुंक्या सोडून द्यावयाच्या, ही जुनी सवय. तिच्यामुळे नेहमीचा पक्षी केव्हा कमी झाला ते कळत नसे. आता ठरावीक वेळात ओळखता आलेले सर्व पक्षी लिहून काढण्याचा आग्रह धरला जातो. अशा पूर्ण यादीत चिमणी नसेल तर ती दिसली नाही, असा निश्चित अर्थ निघतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींच्या आधारे ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला, तो अशा याद्यांमुळेच शक्य झाला. कोटे तालुक्याला लागून असलेल्या केरळ राज्यात तर २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी सारे राज्य चौकटींत विभागून, ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही ऋतूंत ठराविक वेळेच्या याद्या करून पक्ष्यांचा नकाशासंग्रह सिद्ध केला. कोठे जावयाचे हे आवडीवर न सोडता चौकटीने ठरविले, त्यामुळे एरवी कोणी फिरकले नसते अशा जागाही पाहिल्या गेल्या.

दोन चमूंचा पडताळा

कबिनीकाठच्या हत्तींकडे आता पुन्हा वळू. तेथे उघड्या मैदानावर रेषा-पाहणीची जरुरी नाही. पण कळप झाडीत ये-जा करतात, मिसळतात आणि फुटतात. अशा ठिकाणी दोन स्वतंत्र चमू उपयोगी पडतात. दोघांनी एकाच भागाची एकाच वेळी, परस्परांशी न बोलता, पाहणी करावी आणि प्रत्येक कळपाची जागा, वेळ, सुळेवाल्या नरांची व पिलांची संख्या लिहावी. मागाहून पत्रके शेजारी ठेवून दोघांनाही दिसलेले कळप ओळखावेत. समजा, पहिल्या चमूला वीस कळप दिसले, दुसऱ्याला पंधरा, आणि त्यांतील बारा दोघांनाही दिसले. दुसऱ्या चमूच्या पंधरांपैकी पहिल्याने बारा पाहिले, म्हणजे पहिल्या चमूची नजर पाचांत चार कळप टिपते. वीस हे जर एकूण कळपांच्या पाचांत चार असतील तर एकूण कळप पंचवीस. दोघांनी मिळून तेवीस पाहिले. दोन दोघांच्याही नजरेतून सुटले. वाघांच्या अंगावरील पट्टे छायाचित्रांतून ओळखून संख्या काढण्याची जी पद्धत कारंत व निकोल्स यांनी नागरहोळेत १९९० नंतरच्या दशकात वापरली, तिचे मूळ तत्त्वही याच जातीचे आहे.

मात्र दोन्ही चमूंचे स्वातंत्र्य खरे असले पाहिजे. ‘तुम्हांला किती दिसले?’ असे एकमेकांस विचारून आकडे जुळवून घेतले, की पडताळा संपला. आकड्यांतील तफावत ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे. तिच्यातूनच सुटलेल्या हत्तींचा पत्ता लागतो, हे स्वयंसेवकांना आरंभीच समजावून सांगावे.

नोंद झाल्यानंतर

पत्रक हाती आल्यावरही काम संपत नाही. ते त्याच दिवशी, निरीक्षकांची आठवण ताजी असताना, तपासले पाहिजे. अंतरांच्या रकान्यात दहा, वीस, पन्नास असे गोल आकडेच पुन्हा पुन्हा आढळले तर उपकरण न वापरता अंदाजाने लिहिल्याचा संशय घ्यावा. एखादी नोंद अनपेक्षित असेल तर ती खोडून न टाकता निरीक्षकाला अधिक तपशील विचारावा. मूळ पत्रक जसेच्या तसे जपावे आणि दुरुस्ती शेजारी, कोणी व केव्हा केली या उल्लेखासह लिहावी. नीटनेटकी प्रत काढून मळके मूळ पत्रक फेकून देण्याची सवय अत्यंत वाईट होय.

छायाचित्रांच्या बाबतीत अनेकांच्या मतांचा मेळ घालता येतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या मैदानात २२५ स्वयंचलित कॅमेरे बसवून मिळालेली छायाचित्रे हजारो सामान्य नागरिकांना दाखविण्यात आली. प्रत्येक चित्र अनेकांना दाखवून त्यांची मते एकत्र केली, तेव्हा ती तज्ज्ञांच्या निर्णयाशी सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के चित्रांत जुळली. जेथे मते फार विभागली गेली तेवढीच चित्रे तज्ज्ञांनी पाहिली की पुरे. तज्ज्ञाचा वेळ जेथे खरोखर लागतो तेथेच तो खर्च व्हावा, हा यातील बोध.

तसेच, रानाची ओळख पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या माणसांना विसरून चालणार नाही. कोटे तालुक्याच्या रानात जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब या आदिवासी समाजांची वस्ती आहे. मध गोळा करणारा किंवा हत्तींबरोबर आयुष्य काढलेला माणूस पाचोळ्याच्या आवाजावरून जनावर ओळखतो. त्याला केवळ वाटाड्या न मानता निरीक्षक मानावे आणि नोंदपत्रक त्याला वापरता येईल अशा चित्रांनी व कन्नड शब्दांनी तयार करावे, यात पाहणीचाच लाभ आहे.

अखेरीस एक कर्तव्य पाहणी चालविणाऱ्यांचे आहे. स्वयंसेवकाने दिलेले दिवस कोणत्या आकड्यात उतरले, त्या आकड्याची खात्री किती, आणि त्यावरून काय ठरले, हे त्याला कळविले पाहिजे. अंदाज नेहमी मर्यादांसह सांगावा. ‘चोवीस चितळे’ म्हणण्यापेक्षा ‘वीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते. पुढील वर्षी बावीस आले तर घट झाली अशी ओरड करण्याचे कारण नाही, हे मग स्वयंसेवकालाही कळते आणि वृत्तपत्राच्या वाचकालाही.

सरिस्कातील वाघ कागदावर जिवंत राहिले, कारण त्या कागदाची उलटतपासणी करण्याची सोय नव्हती. कबिनीच्या काठी उद्या भल्या पहाटे होकायंत्र आणि नोंदपत्रक घेऊन निघणाऱ्या स्वयंसेवकाला वाघ किंवा हत्ती दिसेलच असे नाही. त्याने आपण कोठून निघालो, किती चाललो, काय दिसले आणि काय दिसले नाही एवढे खरे लिहिले, तर पंचवीस वर्षांनी त्याच वाटेने जाणाऱ्या माणसाला रानात काय बदलले ते सांगता येईल.